घोडकाठची पांढरी : इनामगावच्या घरांची नऊशे वर्षे

इनामगाव हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातले, घोड नदीच्या उजव्या तीरावरचे गाव. पुण्याच्या पूर्वेला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर असलेल्या या गावाच्या शिवारात नदीला लागून मातीची पाच टेकाडे आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या टेकाडाचा विस्तार सुमारे पाच हेक्टर आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते इ.स.पू. ७००, म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षे, या जागी सतत नांदत आलेली शेतकऱ्यांची वस्ती त्या मातीखाली होती. तिच्यातल्या १३० हून अधिक घरांचे अवशेष उघडे करण्यात आले.

ही वस्ती म्हणजे शहर नव्हे. हडप्पा संस्कृतीच्या नगरांत होते तसे भाजल्या विटांचे वाडे, झाकलेली गटारे आणि तटबंद बालेकिल्ले येथे नाहीत. तरीही दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांची घरे कशी होती, ती कोणत्या क्रमाने उभी राहत, कोणाचे घर मध्यभागी असे आणि कोणाचे कडेला, हे इतक्या तपशिलाने सांगणारे दुसरे ठिकाण महाराष्ट्रात नाही. वस्तीचा नकाशा बदलत गेला तसा तिच्यात राहणाऱ्यांचा समाजही बदलला, आणि ते बदल घरांच्या जमिनींवर उमटून राहिले.

काळी आणि पांढरी

मराठी गावाच्या जुन्या बोलीत जमिनीचे दोन भाग पडतात. पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. माणसे एकाच जागी पिढ्यान्पिढ्या राहिली की चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, हाडे आणि खापरे यांचा थर साचत जातो. ही माती राखट, भुसभुशीत आणि फिकी दिसते, म्हणून तिला पांढरी म्हणतात. शेतकरी तिला खत म्हणून किंमत देतात. पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीने पांढरीचे टेकाड ही जुन्या गावाची ठळक खूण असते. इनामगावचे टेकाडही असेच आहे.

या पांढरीला जगवणारी काळी घोड नदीने दिली. घोड सह्याद्रीत, भीमाशंकरच्या परिसरात उगम पावते, आंबेगाव आणि शिरूर तालुक्यांतून पूर्वेला वाहते आणि पुढे भीमेला मिळते. शिरूरच्या दक्षिण कडेने भीमा वाहते आणि तिच्या पलीकडे दौंड तालुका लागतो. घोड आणि भीमा यांच्या मधला हा दुआब सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर शिरूर-दौंडच्या पट्ट्यात वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तोही बेभरवशाचा. असे असूनही येथे वस्ती का झाली, याचे उत्तर मातीत आहे. नदीकाठची खोल काळी माती पावसाळ्यातला ओलावा धरून ठेवते आणि त्या ओलीवर हिवाळ्यात रब्बीचे पीक उभे राहते. नदी वरून येत असल्याने स्थानिक पाऊस कमी झाला तरी पात्रात पाणी असते. पहिल्या शेतकऱ्यांनी गाव वसवण्यासाठी नदीकाठची उंच जागा निवडली ती यामुळे.

आडवे उत्खनन

महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीची ओळख विसाव्या शतकाच्या मध्यास झाली. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. तेथे सापडलेल्या मातीच्या भांड्यांवरून एका संपूर्ण संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळाले. पुढे नेवासा, दायमाबाद, घोडकाठचेच चांडोली अशी ठिकाणे उजेडात आली. या काळातले लोक तांबे वापरत, पण तांबे दुर्मीळ असल्यामुळे रोजच्या कामाला दगडाची बारीक पातीच असत. म्हणूनच या युगाला ताम्रपाषाणयुग म्हणतात.

सुरुवातीची बहुतेक उत्खनने उभ्या पद्धतीची होती. लहान चौकोनी खड्डा खोल खणत गेल्याने एकावर एक थर कसे साचले, कोणती भांडी आधीची आणि कोणती नंतरची, हे कळते. पण अशा खड्ड्यातून संपूर्ण घर दिसत नाही, मग गल्ली किंवा आळी दिसण्याचा प्रश्नच नसतो. गावाचा नकाशा हवा असेल तर एकाच काळाचा थर आडवा, विस्ताराने उघडावा लागतो. हे काम खर्चिक आणि वेळखाऊ असते. इनामगावला हसमुख धीरजलाल सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली ते अनेक हंगाम चालले. त्याचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. धान्य, हाडे, माती आणि मानवी सांगाडे यांचा स्वतंत्र तज्ज्ञांनी अभ्यास केल्यामुळे हे उत्खनन भारतीय पुरातत्त्वातील एक मानदंड ठरले.

कुडामातीचे घर साडेतीन हजार वर्षे टिकत नाही, तेव्हा पुरातत्त्वज्ञाला घर म्हणून जे मिळते ते मुख्यतः त्याची जमीन. चोपून सारवलेली जमीन घट्ट थर म्हणून ओळखू येते. तिच्या कडेने ठरावीक अंतरावर गोल खळगे दिसतात. त्यांतली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा मऊ आणि वेगळ्या रंगाची असते, कारण तेथे पूर्वी लाकडी मेढी रोवलेल्या होत्या. मेढ कुजून गेली तरी तिचा खळगा राहतो. हे खळगे जोडत गेले की घराचा आकार मिळतो. चुलीची भाजलेली माती, पाटा ठेवण्याची जागा, पेवाचा खड्डा आणि कणगीचा ओटा यांवरून आतली मांडणी कळते. अशा खुणा वाचत वाचत इनामगावची घरे पुन्हा उभी करता आली.

पहिले वसाहतकरी

इनामगावच्या सर्वांत खालच्या थरात माळवा संस्कृतीचे लोक भेटतात. त्यांचा काळ इ.स.पू. १६०० ते १४०० असा धरला जातो. नर्मदेच्या खोऱ्यात, महेश्वरजवळच्या नावडातोलीसारख्या ठिकाणी ही संस्कृती आधी नांदत होती. तेथून तापी ओलांडून तिची शाखा दख्खनमध्ये आली आणि घोड-भीमेच्या खोऱ्यापर्यंत पोहोचली.

या काळात घरे लांबट आयताकृती आणि प्रशस्त होती. सुमारे सात मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशी घरे येथे आढळली. त्यांचे कोपरे काटकोनी नसून गोलसर वळवलेले होते. कुडाच्या भिंतीत काठ्या आणि काटक्या विणलेल्या असतात. त्या वळवून घेणे सोपे असते आणि गोलसर कोपऱ्यावर वाराही कमी आपटतो. आत एक बुटकी आडभिंत घालून घराचे दोन भाग केले जात, एक चुलीचा आणि दुसरा बसण्या-निजण्याचा. याच काळात जमिनीत गोल खड्डा खणून त्यावर छप्पर टाकलेली खळगीवजा घरेही होती.

घराच्या आत लंबगोल खोलगट चूल असे. धान्य साठवण्याच्या सोयी बहुतेक घरांजवळ आढळतात. काही ठिकाणी जमिनीत खोल पेव खणून त्याच्या कडा लिंपून घेतलेल्या दिसतात. काही ठिकाणी मातीचा गोल ओटा आहे, ज्यावर विणून लिंपलेली कणगी उभी राहत असे. कणगी जमिनीपासून उंच ठेवली की ओल लागत नाही आणि उंदरांपासूनही बचाव होतो. आणखी एक सोय फार वैशिष्ट्यपूर्ण आहे. चार सपाट दगड चौकोनात मांडून त्यांवर चार पायांचा मोठा मातीचा रांजण ठेवला जाई. या चतुष्पाद रांजणाचा संबंध पुढे धान्याच्या पलीकडे, थेट मृत्यूशी जोडलेला दिसतो.

कूड, माती आणि गवत

इनामगावच्या सगळ्या काळांत बांधकामाचे साहित्य जवळपास एकच राहिले, कारण ते हाताशी होते. बुटकी मातीची भिंत, तिच्यावर किंवा तिच्या आधाराने कुडाचा पडदा, कुडाला आतून-बाहेरून मातीचा गिलावा आणि वर गवताने शाकारलेले छप्पर, असा हा साचा होता. आयताकृती घरांवर दोन उतारांचे छप्पर, तर गोल झोपडीवर शंकूसारखे निमुळते छप्पर असे.

या भागातल्या काळ्या मातीचा एक गुण बांधकामाला मारक असतो. ओली झाली की ती फुगते आणि उन्हाने वाळली की आकसून भेगाळते. नुसत्या काळ्या मातीवर उभे केलेले घर दोन-तीन ऋतूंत फाटते. म्हणून जमीन थर टाकत, चोपून घट्ट करावी लागते आणि वरचेवर सारवावी लागते. इनामगावच्या घरांत एकावर एक चढलेल्या जमिनींचे थर दिसतात. वर्षानुवर्षे जमीन पुन्हा करणे हा त्या घरांचा नेमच होता. एखादे घर पडले, जळाले किंवा जीर्ण झाले की तेच सपाट करून त्याच जागी नवे घर बांधले जाई. गावाची पांढरी अशाच रीतीने इंचाइंचाने उंच होत गेली.

हे तंत्र गावकऱ्यांना परके वाटणारे नाही. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, धान्याची कणगी आणि पेव हे शब्द मराठीत अजून जिवंत आहेत. पुरातत्त्वज्ञांनी घरांच्या खुणा वाचताना आसपासच्या खेड्यांतली मातीची घरे, त्यांतली चूल, गोठा आणि साठवणीच्या जागा यांचाही अभ्यास केला. जिवंत लोकांच्या घरांच्या मदतीने जुन्या घरांचा अर्थ लावण्याच्या या शाखेला लोकपुरातत्त्व म्हणतात.

रांगेतली घरे

इ.स.पू. १४०० च्या सुमारास जोर्वे संस्कृतीचा आरंभीचा काळ सुरू झाला. तो इ.स.पू. १००० पर्यंत टिकला. इनामगावच्या भरभराटीची ही चारशे वर्षे होत.

या काळात वस्तीला शिस्त आलेली दिसते. घरे आयताकृतीच होती, पण साधारण पाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद, म्हणजे माळवा काळापेक्षा लहान. ती एका रांगेत, साधारण एकाच दिशेला तोंड करून बांधली जात. दोन घरांमध्ये सुमारे दीड मीटरची मोकळी जागा सोडलेली असे. ही जागा गल्लीसारखी वापरली जात असावी आणि पावसाचे पाणी निघून जाण्यासही ती उपयोगी पडे. घरापुढे अंगण होते, आणि अंगणात उघड्यावरचे चुलवण आणि पेवांचे खड्डे आढळले. रोजचे जीवन चार भिंतींच्या आत कमी आणि अंगणात जास्त चालत असावे.

वस्तीच्या मांडणीत व्यवसायांची वाटणीही दिसते. कुंभार, सोनार, चुना भाजणारा आणि हस्तिदंतावर काम करणारा यांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला आढळली. खात्यापित्या शेतकऱ्यांची घरे मध्यभागी होती. भट्टीतून धूर आणि ठिणग्या उडतात, गवती छपरांच्या वस्तीत त्यांचा धोका मोठा असतो. मातीच्या भांड्यांसाठी नदीकाठचा गाळ आणि पाणीही लागते. कारागीर कडेला राहण्यामागे अशी व्यावहारिक कारणे असू शकतात. तरीही मध्य आणि कडा यांतले अंतर प्रतिष्ठेशीही जोडलेले असावे. कारण गावाच्या मध्यभागी सर्वांत मोठे घर उभे होते.

जोर्वे संस्कृतीची भांडी या कारागिरांच्या कौशल्याची साक्ष देतात. चाकावर घडवलेली, नीट भाजलेली, लाल रंगाच्या पृष्ठभागावर काळ्या रंगाने नक्षी काढलेली ही भांडी टकटक केली की धातूसारखी वाजतात. कंगोरेदार वाडगे आणि लांब तोटीची भांडी हे त्यांचे खास आकार. सोन्याचे मणी आणि दागिने, तांब्याची हत्यारे, शिंपले, हस्तिदंत आणि रंगीत दगडांचे मणी येथे मिळाले. यांतल्या काही वस्तूंचा कच्चा माल घोडकाठी मिळत नाही. म्हणजे या खेड्याचे नाते दूरच्या मुलखांशी होते.

पाच खोल्यांचे घर

इतर घरे एक किंवा दोन खोल्यांची असताना मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर होते. त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. कोठारात खोल पेवे आणि कणग्यांचे गोल ओटे दाटीने मांडलेले होते. एका कुटुंबाला लागणाऱ्या धान्यापेक्षा कितीतरी जास्त धान्य त्यात साठवता येत असे.

या दोन वास्तू एकत्र पाहिल्या की त्यांचा अर्थ स्पष्ट होतो. पाच खोल्यांचे घर गावप्रमुखाचे असावे आणि कोठार त्याच्या ताब्यात असावे, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. शेतकरी आपल्या पिकाचा काही हिस्सा तेथे जमा करत असतील. पाऊस हुकलेल्या वर्षी, सणाला किंवा सामुदायिक कामाच्या वेळी ते धान्य बाहेर येत असेल. पर्जन्यछायेतल्या गावासाठी असे कोठार हा सगळ्यांचा आधार होता. ज्याच्या हाती कोठार त्याच्या हाती सत्ता, हे नातेही त्यातूनच तयार झाले. महाराष्ट्रात समाजाची उतरंड कशी आकाराला आली याचे इतके जुने वास्तुरूप दुसरीकडे क्वचितच मिळते.

पाट आणि बांध

सत्तेची दुसरी खूण घरांच्या बाहेर आहे. वस्तीलगत खणलेला एक मोठा पाट येथे आढळला. त्याची रुंदी सुमारे चार मीटर आणि खोली सुमारे साडेतीन मीटर होती. तो जवळपास दोनशे मीटर लांबीपर्यंत शोधता आला. पाटाच्या बाजूने दगडमातीचा सुमारे २४० मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद बांध घातलेला होता. पुराचे पाणी वस्तीत शिरू नये, ते वळवून पाटात यावे आणि तेथून शेतीला वापरता यावे, अशी ही योजना होती. भारतातील पाटपाण्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांमध्ये हिची गणना होते.

एवढी खोदाई दगडी आणि लाकडी अवजारांनी करायची तर अनेक घरांतली माणसे एकाच वेळी कामाला लागायला हवीत. त्यांना बोलावणारा, काम वाटून देणारा आणि तेवढे दिवस त्यांच्या जेवणाची सोय करणारा कोणीतरी हवा. पाच खोल्यांचे घर, कोठार आणि पाट या तीन गोष्टी म्हणून एकमेकींना आधार देतात. पाटामुळे पीक वाढले, पिकामुळे कोठार भरले आणि कोठारामुळे पाट राखणे शक्य झाले.

शेतात काय पिकत होते हे जळक्या दाण्यांवरून कळते. वनस्पतींच्या अवशेषांचा अभ्यास मुकुंद काजळे यांनी केला. सातू म्हणजे जव हे मुख्य धान्य होते. त्याच्या जोडीला गहू, मसूर, हुलगा, वाटाणा आणि लाख ही पिके होती. बोरे, जांभळे अशी रानफळेही खाण्यात होती. यातले बरेचसे धान्य हिवाळी आहे. शिरूर-दौंडचा शेतकरी आजही रब्बीच्या ओलीवर भिस्त ठेवतो, त्याची मुळे इतकी जुनी आहेत. गोठ्यात गाय-बैल, म्हशी, शेळ्या-मेंढ्या होत्या. हरिणाची शिकार आणि नदीतली मासेमारी यांनी आहाराला भर पडे.

जमिनीखालचे घर

इनामगावच्या घरांत जिवंत माणसांसोबत मृतही राहत. येथे अडीचशेहून अधिक दफने मिळाली आणि ती बहुतेक घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात आहेत. लहान मुलांना दोन मडक्यांत ठेवून, त्या मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडून, आडवे पुरत. मोठ्या माणसांना खड्ड्यात उताणे, डोके उत्तरेकडे करून निजवत. प्रौढ माणसाचे पाय मात्र घोट्याखालून तोडलेले असत. मृताने परत फिरून घरात येऊ नये किंवा घर सोडून जाऊ नये, अशी काही समजूत यामागे असावी असा तर्क केला जातो.

घराच्या जमिनीखाली मृताला पुरण्याची रीत जगात इतरत्रही दिसते. तुर्कस्तानातील चातालहोयुक या आणखी कित्येक हजार वर्षे जुन्या वस्तीतही माणसे आपल्या मृतांना घरातच, निजायच्या ओट्याखाली पुरत. शेती आणि घर स्थिर झाल्यावर घराण्याचा वारसा त्या जागेशी बांधला जातो. पूर्वज घराखाली असतील तर घर आणि जमीन आपली, हे सांगण्याचा तो एक मार्ग ठरतो.

या सगळ्यांत एक दफन वेगळे आहे. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा, फुगीर पोटाचा मातीचा मोठा रांजण मिळाला. त्यात सुमारे चाळीस वर्षे वयाच्या पुरुषाचा सांगाडा बसलेल्या स्थितीत होता. त्याचे पाय तोडलेले नव्हते. ज्या आकाराच्या रांजणात गाव आपले धान्य साठवत असे, त्याच आकाराच्या रांजणात या माणसाला ठेवले गेले. कोठार सांभाळणाऱ्या घराण्यातला हा मानाचा पुरुष असावा.

घराच्या जमिनीखाली देवही पुरलेले होते. एका घरात जमिनीखाली मातीचा झाकणासह लंबगोल करंडा आढळला. त्यात मातीची शिर नसलेली स्त्रीमूर्ती होती. झाकणावर दुसरी, शिर असलेली स्त्रीमूर्ती आणि बैलाची मूर्ती होती. बैलाच्या पाठीला आणि बिनशिराच्या मूर्तीच्या पोटाला छिद्रे आहेत. काडी घालून ती मूर्ती बैलावर बसवता येते. सुफलतेची आणि मुलाबाळांच्या रक्षणाची ही देवी असावी असे मानले जाते. शिर नसलेल्या मातृदेवता महाराष्ट्रात पुढच्या काळातही आढळतात. त्यामुळे घरातल्या या छोट्याशा करंड्याला दख्खनच्या धर्मेतिहासात मोठे स्थान आहे.

गोल झोपड्यांचा काळ

इ.स.पू. १००० नंतर गावाचा चेहरा पालटला. या उत्तर जोर्वे काळात रांगेतली आयताकृती घरे मागे पडली आणि लहान गोल झोपड्या आल्या. त्या तीन-चारच्या गटाने, एका समाईक अंगणाभोवती उभ्या केलेल्या दिसतात. एकेका कुटुंबाने एकाच मोठ्या घराऐवजी अशा काही झोपड्या वापरल्या असाव्यात. भिंती हलक्या, जमिनी पातळ आणि बांधकाम घाईचे होते. मातीची भांडीही जाडीभरडी झाली आणि नक्षी कमी झाली.

गोल झोपडी ही साधनांची काटकसर असते. कमीत कमी लाकडात आणि कुडात जास्तीत जास्त जागा गोल आकारात मिळते. ती लवकर उभी राहते आणि गरज पडली तर सोडून देता येते. फिरतीवर जगणाऱ्या समाजांच्या खोपी दख्खनमध्ये अशाच गोल असत. म्हणून घरांचा आकार बदलणे म्हणजे जगण्याची पद्धत बदलणे, असा अर्थ उत्खनन करणाऱ्यांनी लावला. धान्याचे प्रमाण कमी आणि शेळ्या-मेंढ्या व शिकारीच्या प्राण्यांच्या हाडांचे प्रमाण जास्त, असे अवशेषांतले चित्रही याला जुळते. शेतकऱ्यांचे गाव हळूहळू अर्धभटक्या पशुपालकांचे गाव झाले आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास ते ओस पडले.

हे का झाले, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ढवळीकरांनी इ.स.पू. १००० नंतर पाऊस घटत गेला आणि अवर्षणाने शेती मोडली, असे स्पष्टीकरण मांडले. जोर्वे संस्कृतीच्या इतर अनेक वस्त्याही याच सुमारास उजाड झाल्या, ही बाब त्याला बळ देते. सांगाड्यांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी लहान मुलांच्या हाडांवरून त्यांची वाढ आणि पोषण तपासले. त्यांचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन हवामान आणि समाज यांच्या नात्याकडे अधिक बारकाईने पाहायला लावते. एकट्या दुष्काळावर सगळे ढकलण्यापेक्षा जमिनीचा वापर, लोकसंख्या आणि उपजीविकेचे बदलते मार्ग एकत्र पाहावे लागतात. कारण काहीही असो, परिणाम घरांवर दिसतो. काळी आटली तशी पांढरी आक्रसली.

वास्तूंचा वारसा

इनामगावची पांढरी ओस पडली तरी शिरूर-दौंडच्या वस्तीचा इतिहास थांबला नाही. मध्ययुगात या पट्ट्यात मातीच्या भिंती आणि माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेली घरे रूढ झाली. कमी पावसात सपाट छत चालते, उन्हाळ्यात घर थंड राहते आणि धान्य वाळवायला जागाही मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घोडनदीच्या काठी इंग्रजांची छावणी बसली आणि शिरूर गावाची बाजारपेठ वाढली. त्याच शतकात मुंबईहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग भीमाकाठच्या दौंडवरून गेला, १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंडला रेल्वेची वसाहत उभी राहिली. छावणीतले बंगले आणि रेल्वेच्या चाळी यांची मांडणी दुरून ठरवलेली होती. सरळ रस्ते, सारख्या अंतरावरची घरे आणि हुद्द्यानुसार लहान-मोठे निवास अशी तिची पद्धत होती.

तीन हजार वर्षांच्या अंतराने असलेल्या या वस्त्यांत एक साम्य आहे. घराचा आकार, त्याची जागा आणि शेजाऱ्यापासूनचे त्याचे अंतर यांतून त्या समाजाची रचना कळते. इनामगावला कोठाराच्या शेजारी प्रमुखाचे घर होते, तर रेल्वेच्या वसाहतीत साहेबाचा बंगला वेगळा होता. पाण्याचे नातेही तसेच राहिले. घोड नदीवर शिरूर तालुक्यातच चिंचणीला धरण बांधले गेले आणि त्याच्या कालव्यांनी या दुआबातली शेती पुन्हा बदलली. साडेतीन मीटर खोल पाट खणणाऱ्या शेतकऱ्यांनी ज्या प्रश्नाला हात घातला होता, तोच प्रश्न या धरणाने वेगळ्या प्रमाणात सोडवला.

इनामगावची भांडी, मूर्ती, दाणे, हाडे आणि चार पायांचा रांजण पुण्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहात अभ्यासासाठी जपले आहेत. मूळ जागी आता पुन्हा माती आहे. कुडामातीच्या घरांचे जतन उघड्यावर करता येत नाही, कारण ज्या मातीने ती झाकली गेली तीच त्यांना राखते. नदीकाठच्या अशा पांढऱ्या दख्खनमध्ये आणखीही आहेत. पांढरीची माती खतासाठी खणून नेली जाते आणि जमीन सपाट केली जाते, तेव्हा घरांच्या जमिनी, मेढींचे खळगे आणि चुलींच्या जागा एकाच वेळी नाहीशा होतात. एखादे टेकाड सांभाळणे म्हणजे त्या गावाचा एकुलता एक नकाशा सांभाळणे होय.